बनुबाईची सोन्याची कॅप

शेकोटी जरा उकर रं आदिल, आन् तो मोबाईल ठेव खाली. सांगतोय त्यात तिखटमीठ न्हाई. सोनईच्या अलीकडं वस्तीवर कल्याण ऱ्हायचा, माझ्या टेम्पोत दूध घालायचा, त्याची गोष्ट हाय. पौष अमावस्येची रात. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा दहावा.

त्या दिवशी कल्याण नगरला दाताच्या डाक्टरीनबाईकडं गेल्ता. ऊस सोलताना त्याचा वरचा सुळा तुटला हुता. बाईनं तो झिजवून, माप घेऊन, वर तात्पुरती कॅप बसवली हुती. ह्यानं खिशातनं पुडी काढली. आत सोन्याची कॅप.

"हीच बसवा," म्हनला.

"अहो, एकाची कॅप दुसऱ्याला बसत नसते," बाई म्हनली. "प्रत्येक दाताचं माप वेगळं असतं."

कॅप हुती त्याच्या आईची, बनुबाईची. तरुनपनी सुळ्यावर बसवल्याली, म्हातारी हसली का चमकायची. लोकं मेलेल्याच्या तोंडात सोन्याचा मनी घालत्यात. ह्या बहाद्दरानं तिरडी बांधायच्या आधी दार लावून पकडीनं आईच्या तोंडातलं सोनं वढून काढलं!

आन् जिती हुती तवा? म्हातारी अंथरुनाला खिळल्याली. ती अंथरून वलं करती म्हनून हा तिला बाटलीच्या झाकनानं पानी द्यायचा. सकाळी येक झाकन, राती येक. "घोटभर दे रं, कल्याना," ती म्हनायची. हा खेकसायचा, "पडून ऱ्हा गप!" बायको स्नेहल तांब्या घेऊन निघाली का तिच्यावर डोळं वटारायचा. तशीच तळमळून गेली बिचारी. हलकट मानूस! सांगतानाबी माझं डोस्कं उठतंय.

तर राती जेवल्यावर ह्यानं आरशाम्होरं तात्पुरती कॅप उचकटली. आईची बोटानं वर टेकवली.

टक्.

बसली. चिकटवायला औषध न्हाई, काय न्हाई. जनू त्याच्याच मापाची. गडी लई खूश झाला. उद्या पाव्हनं बघत्याल म्हनून आरशात दोनदा हसून बघितलं, आन् झोपला.

मध्यरातीला तहान लागली. तांब्याभर पानी प्याला. तोंड कोरडंच. आनखी येक तांब्या. पानी व्हटाच्या आत जायचं, सुळ्यापतूर पोचायचं, आन् मग... काहीच न्हाई. घशात थेंब उतरंना. शेवटी हंड्यालाच तोंड लावलं. हंडा रिकामा झाला. भुईवर पानी न्हाई. पोटात न्हाई.

कॅप वढली. हालंना.

पकड आनली. तीच पकड. जोर लावला तसं रगत आलं. रगतबी जिभेवर आलं न्हाई. तो दातच पीत हुता.

स्नेहल दचकून उठली. "अवो... काय झालं?"

जीभ टाळ्याला चिकटल्याली. त्याला कसंबसं येवढंच बोलता आलं,

"घोटभर... दे..."

स्नेहल तांब्याकडं वळली. तेवढ्यात कोपऱ्यातनं आवाज आला. म्हातारीची खाट हुती तिथनं. रिकाम्या खाटंवरनं...

"पडून ऱ्हा गप."

दोघांनीबी ऐकलं.

कल्याण दार उघडून पळत सुटला. अंधारात. पान्याच्या हौदाकडं...

अंधारात मागं जायची स्नेहलची छाती झाली न्हाई, ती दिवा घेऊन उंबऱ्यातच बसली. उजाडल्यावर तिनं हाका मारून लोकं जमवली. कल्याण हौदात मेल्याला हुता. गळ्याइतक्या पान्यात, मान वर करून, तोंड वासून. बुडाला न्हवता. पोटात पानी न्हवतं. जीभ उन्हाळ्यातल्या रानागत भेगाळल्याली. सुळ्याच्या जागी नुसता झिजवल्याला खुंट.

कॅप हौदात शोधली. घावली न्हाई.

दहावा ऱ्हायला बाजूला. संध्याकाळी स्नेहल दिवा लावायला म्हातारीच्या खाटंपाशी गेली. कोनाड्यात ते बाटलीचं झाकन हुतं, कोरडं ठाक. त्याच्या शेजारी सोन्याची कॅप, उतानी ठेवल्याली.

काठोकाठ पान्यानं भरल्याली.