पोशेऱ्याच्या कड्यावरची रांग

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते.

या पेजवरचे अनुभव बरेच दिवस वाचतेय. लिहायला आज बसले. शाळेचं नाव आणि मुलीचं आडनाव देणार नाही. बाकी काहीही बदललेलं नाही.

जुलै २०२४. महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार. मोखाडा तालुक्यातलं पोशेरा, आणि गावाच्या वरचं पठार.

मी नेत्रा. जव्हारच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि गाईडच्या मुलींची कॅप्टन आहे. स्काउटची मुलं श्रीकृष्ण सरांकडे असतात. सर पन्नाशीचे, कमी बोलणारे. पावसातलं शिबिर ही त्यांचीच हौस. आठवी-नववीची मुलं-मुली घेऊन आम्ही दोन जीप करून गेलो होतो.

शनिवारी दुपारी तंबू लावले. संध्याकाळपर्यंत पावसाने ते आडवे केले. मग सगळे जवळच्या पाड्यावरच्या समाजमंदिरात झोपलो. ओले मोजे, ओल्या सतरंज्या, खिचडीचा वास.

रात्री काहीही झालं नाही. मुद्दाम सांगतेय, कारण ही गोष्ट ज्याला सांगते तो आधी रात्रीचंच विचारतो.

जे झालं ते रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर.

पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. आम्हाला धुकं नवीन नाही. पण हे वेगळंच दाट होतं. समोरच्याच्या हातातलं ताट दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता.

काही मुली ओढ्यावर भांडी घासायला गेल्या होत्या. सरांनी एक लांब शिट्टी दिली. लांब शिट्टी म्हणजे जिथे आहात तिथे थांबा. मी मुलींना आणायला निघणार होते.

तेवढ्यात...

खालून शिट्टी आली.

मुलं म्हणाली, आवाज घुमला. मलाही तसंच वाटलं असतं. पण सरांची शिट्टी लांब होती. खालून आलेली तुटक होती.

तुटक, भराभर, एकामागून एक.

आमच्यात तुटक शिट्टीचा अर्थ एकच. धावत या, रांगेत उभे राहा.

सर माझ्याकडे वळले. "मी तुटक दिली नाही," ते म्हणाले.

शेजारी फागीताई उभ्या होत्या. त्यांचं घर पाड्याच्या टोकाला. आम्हाला सुकी लाकडं त्यांनीच दिली होती. खाली दुसऱ्या कुठल्या शाळेचं शिबिर आहे का, असं मी त्यांना विचारलं.

"तठं कोन नाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "तठं कडा हाय."

पुन्हा शिट्टी आली. तुटक.

आणि मग सगळंच गप्प झालं. बेडूक थांबले. छपरावरून गळणारं पाणीसुद्धा ऐकू येईना. मुलं दंगा करायची थांबली. कुणी घाबरलं नाही, कुणी रडलं नाही. सगळी नुसती उभी.

ओढ्यावरच्या मुली भांडी घेऊन परत आल्या. त्यांची संघनायिका म्हणाली, "मॅडम, प्रांजल पुढे गेली ना?"

प्रांजल पुढे आली नव्हती.

प्रांजल नववीतली. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, हसताना तोंडावर हात धरणारी. शिट्टी ऐकली की सगळ्यांत आधी तीच पळायची.

सर मुलांपाशी थांबले. सगळ्यांना समाजमंदिरात घेतलं आणि स्वतः दारात उभे राहिले. मी आणि फागीताई ओढ्याच्या कडेने खाली निघालो.

मी हाका मारत होते. माझा आवाज मलाच परका वाटत होता. खरं सांगते, भीती वाटत नव्हती. थंडीने बोटं बधिर होतात ना, चिमटा काढला तरी कळत नाही... तसं आतून झालं होतं.

ओढा जिथे खाली पडतो तिथे मोठा काळा कातळ आहे. फागीताईंनी माझा हात धरला. पुढे जाऊ नका, असं खुणेनेच सांगितलं.

धुक्यात कुणीतरी उभं होतं.

प्रांजल होती. आमच्याकडे पाठ. टाचा जुळलेल्या, मान ताठ. निळा गणवेश अंगाला चिकटलेला. उजवा हात शरीराशी. डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरलेला, कवायतीत अंतर घेताना शेजारच्याच्या खांद्यावर ठेवतो तसा.

हात थरथरत नव्हता. मी कितीतरी वर्षं कवायत घेतेय. असा अधांतरी धरलेला हात थोड्या वेळात खाली यायला लागतो.

तिचा हात कशावर तरी टेकलेला होता.

"प्रांजल," मी म्हणाले.

ती वळली नाही.

"मॅडम, हळू बोला. अजून विश्राम नाही दिला."

साधा आवाज. वर्गात शेजारणीला सांगावं तसा.

वाऱ्याने धुकं जरासं हललं. तिच्या डाव्या पावलाच्या पलीकडे कातळ वीतभर होता.

त्याच्यापुढे काही नव्हतं. खालची झाडं दिसली, फार खाली. तिचा हात दरीवर पसरलेला होता.

मी पुढे झाले, तिला कमरेला धरलं आणि मागे ओढलं. फागीताईंनी मला ओढलं. आम्ही तिघी कातळावर पडलो. माझा गुडघा फुटला, ते मला खूप नंतर कळलं.

मी तिचा डावा हात हातात घेतला.

ती पूर्ण भिजली होती. केसांतून पाणी गळत होतं.

तळहात मात्र कोरडा होता.

कोरडा आणि गरम.

परत वर येताना फागीताई एकच गोष्ट म्हणाल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या कड्यावर गवत कापतात. तिथे कुणी पडलं, कुणी मेलं, असं कधी झालेलं नाही. पुढे मी मोखाड्यातही चौकशी केली. मुलांचा अपघात, बुडणं, काही नाही. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही सामान आवरलं. झेंडा उतरवला, नीट घडी घातली. मुलांनी उरलेली खिचडी खाल्ली. मीही खाल्ली. तिला मीठ होतं की नव्हतं, आठवत नाही.

जीपमध्ये प्रांजल माझ्या शेजारी बसली. मोखाडा मागे पडल्यावर मी विचारलं, तिथे कोण होतं.

"मुलं."

"आपली?"

"नाही." ती बाहेर बघत होती. "पण त्यांनी माझ्यासाठी जागा केली."

मग ती माझ्या खांद्यावर झोपली.

त्याच संध्याकाळी मी आणि सर तिच्या घरी गेलो. तिच्या आईवडिलांना झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेलं. ताप नाही, जखम नाही. दोन दिवसांनी ती शाळेत आली. पहिल्या बाकावर बसली. सरांनी त्या वर्षानंतर स्काउटचं काम सोडलं, गुडघे दुखतात म्हणाले.

प्रांजल दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. मला वाटलं, संपलं.

या पावसाळ्यात तिची आई, आशालताताई, मला जव्हारच्या बाजारात भेटल्या. छत्री मिटून माझ्याजवळ आल्या. मी प्रांजलची चौकशी केली. बरी आहे, म्हणाल्या. अभ्यास करते, जेवते, घरात मदत करते. कधी उलट बोलत नाही. पूर्वी बोलायची, आता नाही.

मग पिशवीतली मेथी उगाच सारखी करत राहिल्या.

"एक गोष्ट आहे, मॅडम. पाऊस लागला की संध्याकाळी दप्तर भरते. दाराशी येऊन बसते. आणि मला विचारते..."

त्यांनी पिशवीचं तोंड मिटलं.

"काकू, मला घरी कधी सोडणार?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

"मला काकू म्हणते. खूप नीट विचारते हो, हट्ट नाही करत. मी सांगते, पाऊस थांबला की सोडते. मग हो म्हणते आणि जेवायला बसते."

एकदा घरी येऊन तिच्याशी बोलाल का, असं त्यांनी मला विचारलं. मी येते म्हणाले.

अजून गेलेले नाही.

आज दुपारपासून पाऊस लागलाय. आशालताताईंचा दोनदा फोन येऊन गेला.

त्या कड्यावरून तिला मी आणलंय. उद्या तिने हेच मला विचारलं, तर मी तिला कुठलं घर सांगू?