दरमहा सोबत

सुनील खैरनार ओझरच्या विमान कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. केसाएवढा फरक दिसला तरी सुटा भाग परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर मखमलाबादच्या घरी त्यांनी ते तसंच चालू ठेवलं होतं. घड्याळ दीड मिनिट पुढे आहे, भिंतीवरची तसबीर डावीकडे झुकली आहे, आजच्या पोळ्या कालच्यापेक्षा लहान आहेत. संध्याताई हसून म्हणायच्या, "मला बघायला आलात त्या दिवशी चष्मा घरी विसरला होतात वाटतं."

अशा माणसाच्या नजरेतून एक बरोबरची खूण सुटली.

नोव्हेंबरात आठ किलोमीटर चालण्याची स्पर्धा होती. सुनीलरावांनी फोनवर नाव नोंदवलं, वय भरलं, टी-शर्टचं माप दिलं, पैसे भरले. स्पर्धा झकास झाली. त्रेचाळिसावे आले, पदक मिळालं, वर मिसळ झाली. पदक त्यांनी दुपारच्या झोपेतही गळ्यातून काढलं नाही.

चौदा डिसेंबरला बँकेचा मेसेज आला. एकशे एकोणपन्नास रुपये गेले होते, कशासाठी तर 'सोबत'. सुनीलरावांनी जुना मेल शोधून अर्ज पुन्हा उघडला. अगदी तळाशी, फिकट राखाडी अक्षरांत लिहिलं होतं: 'सोबत सेवा. पहिला महिना मोफत.' आणि पुढच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती.

"तपासणी विभागाच्या डोळ्यांत धूळ," संध्याताई म्हणाल्या आणि गुडघा धरून हसत राहिल्या. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वी दगा दिला नसता, तर त्याच रोज त्यांच्यासोबत चालायला गेल्या असत्या.

सुनीलरावांनी ग्राहक सेवेला फोन लावला. वैष्णवी नावाच्या मुलीने तो घेतला. आवाज मोठा गोड होता.

"सर, पहिल्या महिन्यात बंद करता आली असती. पण तुम्ही तर सेवा वापरताय."

"मी काहीही वापरत नाही."

"सव्वीस दिवस वापरलीय सर. सकाळी सहा दहा ते सात पाच. कालव्याच्या कडेने. मधले चार दिवस फक्त नाही."

ते चार दिवस सुनीलराव नांदगावला मेहुण्याकडे होते. फोनवरून माग काढत असतील, असं त्यांनी संध्याताईंना सांगितलं. सांगता सांगता ते थांबले. चालायला जाताना ते फोन घरीच चार्जिंगला लावून जात. त्यांनी नऊ मुद्द्यांचा तक्रारअर्ज लिहून मेल केला आणि विषय मिटवला.

कालव्याचा रस्ता त्यांचा आवडता. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा, मधे गोरक्ष मौलेचं झेंडूचं वावर. थंडीत पाण्यावरून धुक्याच्या वाफा निघत, बागेतून फवारणीचा उग्र वास येई. तिथे ऐकणारं कोणी नसे, म्हणून सुनीलराव मोठ्याने कारखान्यातल्या गोष्टी सांगत चालत. घरी त्या सगळ्यांना पाठ होत्या.

डिसेंबरच्या अखेरीला त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. वारा कालव्याकडून येई आणि अंगावरची शाल उडे, पण कालव्याकडचा कान गार पडत नव्हता. जाताना तो डावा असे, येताना उजवा. त्यांनी तीन सकाळी नोंद ठेवली. तिन्ही दिवस तेच. पाण्याच्या बाजूने कोणी खांद्याला खांदा लावून चालावं, तसा तेवढाच आडोसा होता.

वयाने कानांतलं रक्ताभिसरण बदलत असेल, असं त्यांनी वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष झेंडू खुडत होता. बाजारासाठी पाट्या भरून ठेवल्या होत्या.

"रामराम काका," तो म्हणाला. "आज दोघंबी लवकर निघाले."

"दोघं कोण?"

गोरक्षने वर पाहिलं. कपाळावर हात धरून सुनीलरावांच्या बाजूला बघितलं. मग पुन्हा फुलांकडे वळला.

"धुकं लय हाय ना काका. मला वाटलं, कोणी हाय. नाय, तसं काय नाय."

सुनीलराव पुढे चालू लागले. मात्र खरं सांगायचं तर त्या दिवसांत ते खुशीत होते. भूक वाढली होती, चाल वाढली होती. "चालायला जाता की लग्नाला?" असं संध्याताई विचारत.

बारा जानेवारीला ते एका जुन्या फिटरची गंमत सांगत होते. पंखाच्या पोकळीत डबा खाताना त्याला झोप लागली आणि अख्खी पाळी त्याला शोधत राहिली. बावीस वर्षांत सुनीलरावांना त्या माणसाचं नाव आठवलं नव्हतं. त्याही दिवशी ते तिथेच अडले.

"काय बरं त्याचं नाव..."

"सोमा."

आवाज हळू होता. अदबीचा होता. पाण्याच्या बाजूने आला होता.

सुनीलराव उभे राहिले. नाव बरोबर होतं.

त्यांनी मान वळवली नाही. सरळ समोर बघत, पावलं मोजत ते घरी आले आणि चप्पल न काढताच फोन लावला.

"सेवा बंद करा. आत्ता."

"हो सर," वैष्णवी म्हणाली. "कारण काय लिहू?"

"गरज नाही, असं लिहा."

"त्यांना तसंच कळवू?"

"कोणाला?"

"अर्जात तसा रकाना आहे सर."

"कळवा," सुनीलराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कालव्यावर कान असा गारठला की त्यांनी शाल डोक्यावरून घेतली. फार बरं वाटलं. ते गाणं गुणगुणत घरी आले. कोणती गोष्ट सांगावी, हे मात्र वाटेत एकदाही सुचलं नाही.

फोनवर मेल आला होता. सेवा बंद झाली होती, उरलेल्या दिवसांचे पैसे परत येणार होते. खाली एक ओळ होती: 'आपल्या सोबतीने आपल्याबद्दल दिलेला अभिप्राय.' पाचपैकी चार तारे.

एक तारा का कापला, या विचाराने सुनीलराव आधी चिडले. मग त्यांनी खालचा मजकूर वाचला.

'काका छान बोलतात. विमानाच्या गोष्टी दोनदोनदा ऐकल्या, कंटाळा आला नाही. काकूंबद्दल खूप ऐकलं. त्यांना भेटायचं तेवढं राहिलं.'

अभिप्रायाची वेळ आजच सकाळी सहा दहाची होती.

मागच्या दारातून संध्याताईंचा आवाज येत होता. लग्नानंतर पांडवलेणीला गेलो तेव्हा यांनी पायऱ्या मोजल्या आणि माझ्याशी अर्धा तास बोललेच नाहीत, ही गोष्ट त्या रंगवून सांगत होत्या. मधे थांबत होत्या, हसत होत्या. शेजारच्या शुभांगीवहिनी आल्या असतील, असं समजून सुनीलराव मागे गेले.

संध्याताई उन्हात चटईवर मटार सोलत बसल्या होत्या. परसात दुसरं कोणी नव्हतं. त्यांचा फोन आत ओट्यावर होता.

"कोण आलं होतं?"

"कोणी नाही. का हो?"

"बोलत होतीस."

"मी?" त्या हसल्या. "असेन. आज सकाळपासून मजेत आहे बघा. गुडघासुद्धा दुखत नाहीये."

सुनीलराव हो म्हणाले. नजर सवयीने खाली गेली.

संध्याताईंच्या पुढ्यात दाण्यांचं ताट होतं. शेजारी टरफलांचा ढीग. ताटाच्या पलीकडे, चटईच्या दुसऱ्या टोकाला, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर टरफलांचा आणखी एक ढीग होता.

तो मोठा होता.