सुखांक ब्याण्णव

प्रात्यक्षिक परीक्षेत गायीला हात लावायची मनाई होऊन तीन वर्षं झाली होती. गळ्यातला पट्टा वाचायचा, पडद्यावर येणारा सुखांक तक्त्यात लिहायचा, दिवा लाल असेल तर डॉक्टरांना बोलवायचं, हिरवा असेल तर पुढची गाय. पट्टा नाडी मोजायचा, जबड्याची हालचाल ऐकायचा, जनावर किती अस्वस्थ आहे ते टिपायचा, आणि या सगळ्याचा शंभरपैकी एक आकडा काढून द्यायचा.

हर्षला भांगरे पशुसंवर्धन पदविकेच्या शेवटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसत होती. पहिल्या खेपेला ऐन परीक्षेच्या आठवड्यात ती बाळंत झाली. यंदा नापास झाली, तर प्रवेशच रद्द. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात कबूल झालेली जागाही हातची जाणार.

तिच्या वाट्याला भिंगरी नावाची डांगी गाय आली. मालकीण झुंबराबाई दावं धरून उभी होती. दिवा हिरवा. सुखांक ब्याण्णव.

हर्षलानं पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं.

गाय फारच शांत होती. डोळ्यांवर माश्या बसल्या तरी मान झटकत नव्हती. पाठ किंचित कमानदार, पुढच्या पायांचे कोपर अंगापासून फाकलेले. हर्षलाची लेक सहा महिन्यांची असताना अशीच गप्प झाली होती. ‘रडत नाही, किती शहाणं बाळ,’ असं घरभर कौतुक चाललेलं. हर्षलाच तेवढी तिला उचलून दवाखान्यात पळाली होती. न्यूमोनिया निघाला.

“मावशी, ही कधीपासून अशी?”

“चार दिस झालं, बाई. चारा हुंगती नि तोंड फिरवती. इथल्या मास्तरला सांगितलं, तर म्हनला, तुझ्यापरीस गाय सुखात हाय, दिवा बघ!”

“बोलणं बंद,” परीक्षक डॉ. सबनीस म्हणाले. “आकडा लिहा.”

“सर, आकडा चुकलाय.”

“मिनिटाला पन्नास चावे नोंदलेत. आजारी गाय इतका रवंथ करते का?”

“रवंथ करताना गळ्यातून घास वर येताना दिसतो, सर. मी मघापासून बघतेय, एकदाही आला नाही. ही दात खातेय. दुखतंय म्हणून. आणि हलली की जास्त दुखतं, म्हणून हलत नाही. पट्टा त्यालाच विश्रांती म्हणतोय.”

“जनावराला हात लावलात, तर नियमानं नापास करावं लागेल.”

“करा.”

तिनं बाह्या सावरल्या आणि गायीच्या खांद्यामागची, कण्यावरची कातडी दोन्ही हातांनी घट्ट चिमटीत धरली. निरोगी गाय अशा वेळी पाठ खाली दबवते. भिंगरी ताठ राहिली, आणि तिच्या छातीतून एक खोल कण्हणं बाहेर पडलं.

झुंबराबाईनं तोंडाला पदर लावला.

“पाठ दबवली की आत टोचतंय. चाऱ्यातून तार गेलीय पोटात,” हर्षला म्हणाली. “धातुशोधक आणा, सर. मला मागाहून नापास करा. आधी गाय.”

सबनीसांनी स्वतः वीस वर्षं असेच चिमटे घेऊन गायी तपासल्या होत्या. त्यांनी शिपायाला पाठवलं. डाव्या कोपरामागे धातुशोधक नेताच ते यंत्र किंचाळलं. दुपारपर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलावर बोटभर लांबीची गंजकी तार पडली होती. जठर भेदून पुढे सरकलेलं तिचं टोक हृदयापासून दोन बोटांवर सापडलं होतं.

हर्षलानं हात धुतले. तक्त्यात ‘तपासणाऱ्याचे मत’ असा रकानाच नव्हता. तिनं समासात लिहिलं, ‘हातानं तपासली. तीव्र वेदना.’ खाली सही केली.

“हे ग्राह्य धरता येत नाही,” सबनीस हळूच म्हणाले. “शून्य पडेल तुम्हाला.”

“पडू दे. मी अर्ज करेन, भांडून प्रवेश परत मिळवेन, पुन्हा बसेन. पण ब्याण्णव लिहिणार नाही.” दाराशी जाऊन ती थांबली. “सर, जिल्ह्यात असे पट्टे किती?”

“अठरा हजार.”

“आणि आज लाल किती?”

त्यांनी पडदा पाहिला.

“अकरा.”

“मग बाकीच्या सगळ्या सुखात आहेत,” तिनं विचारलं, “की नुसत्याच गप्प उभ्या आहेत?”