भागम्माची घंटा

पटो न पटो, हे घडलंय. आमच्याच घरात घडलंय, म्हणून सांगताना जीव जळतो.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. राणीसावरगावजवळचं आमचं गाव. उन्हाळ्यातला सोमवार, संध्याकाळची वेळ.

महादेवाच्या देवळाभोवतीच्या माळावर कुणी शिकार करत नसे. देवाचा माळ तो! त्यामुळं काळविटांचा कळप तिथं निर्धास्त राहायचा. माझी आजी भागम्मा रोज दिवे लागायच्या वेळी देवळाची घंटा वाजवायची आणि बाहेरच्या दगडी डोणीत पाणी ओतायची. घंटा ऐकली की हरणं यायची, लेकरं जेवायला यावीत तशी.

माझा आजा ईश्वरअप्पा. त्याला जहागीरदाराकडं नोकरी पाहिजे होती.

त्या दिवशी तो म्हणाला, "जहागीरदाराचे पाहुणे दर्शनाला आलेत. जरा लवकर वाजीव."

आजीनं वाजवली.

हरणं आली... माना डोणीत घातल्या...

आणि देवळामागून बंदुका कडाडल्या.

"माज्या हातून बोलावून मारलंत की हो!" आजीनं हंबरडा फोडला. घंटेतला लोळा उपटून विहिरीत फेकला.

दुसऱ्या दिवशी, दिवे लागायला...

घंटा वाजली.

आजी तर घरातच होती, चुलीपुढं.

मग खुरांचा आवाज. डोणीकडं नाही... आमच्या दाराकडं.

मग पाणी पिण्याचा... चप्... चप्...

आजा कंदील घेऊन अंगणात गेला. कुणीच नव्हतं. सांजेला भरलेला रांजण रिकामा. भोवतीच्या ओल्या मातीत एकही खूर उमटला नव्हता.

"सूड घ्यायलेत गं..." तो म्हणाला.

"सूड कशाचा?" आजी रडायला लागली. "बोलावलंय म्हणून यायलेत. त्यांना आपलं बोलावणं अजून खरंच वाटायलंय!"

नोकरी मिळाली, पण आजा गाव सोडून गेला तो गेलाच. परत आला नाही.

आम्ही आता गंगाखेडला राहतो. देवघरात घंटी ठेवत नाही. गेल्या सोमवारी नव्या सुनेनं हौसेनं आणली. बिचारीला काय ठाऊक! आरतीला वाजवली.

अंगणात खूर वाजले...

बाहेर जायची माझी छाती झाली नाही. सकाळी भरलेली बादली कोरडी ठणठणीत.

भ्यालो, खोटं कशाला बोलू? पण त्याहून लाज वाटली. एवढं होऊनही आमच्या घरच्या घंटेला ती येतात हो!

घंटी मी काढून टाकलीय. बादली मात्र रोज भरून ठेवतो.

सकाळी रिकामीच असते...