कुणालाच न दिलेलं वाक्य

मी हॉलमध्ये गेले होते ती पडद्याच्या कड्या मोजायला. चौदा लागणार होत्या, बाराच भरल्या. शाळा सुटून अर्धा तास झाला होता. ऊन खिडक्यांच्या वरच्या काचांवर उरलं होतं आणि खाली सगळी कोंदट सावली. जुन्या फळ्यांचा, खडूच्या धुळीचा आणि पडद्याच्या घड्यांतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास. मी शिडीवर चढलेली, तोंडात दोन सेफ्टी पिना. म्हणजे मला बोलता येत नव्हतं. माझ्या बाबतीत असं क्वचितच घडतं, हवं तर माझ्या नवऱ्याला विचारा.

तेवढ्यात विंगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "अरे राक्षसा, झोपला नाहीस का अजून?"

माझ्या चौथीच्या नाटकातलं वाक्य. आवाज बारीक, स्वच्छ, अक्षरन् अक्षर सुटं. आणि विंगेत त्या वेळी एकच मुलगी बसली होती. मौनी.

आनंदाने मी शिडीवरून पडायचीच बाकी राहिले.

हे नाव वर्गानेच तिला ठेवलं होतं. दोन वर्षांत शाळेत ती एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर. तिची आई घरी शिलाईकाम करायची, ती बिचारी दर महिन्याला येऊन तेच सांगायची, "बाई, घरी तोंडाचा पट्टा चालू असतो हो तिचा. इथं आली की काय होतं कोण जाणे." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी शेवटी मौनीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत पाठवायचा फॉर्म भरला. ती शाळा चांगली होती, पण ही ना बहिरी होती ना मुकी. वर्गशिक्षिका म्हणून माझी सही बाकी होती आणि शनिवारपर्यंतची मुदत. शुक्रवारी नाटक.

चौथीचं नाटक मी लिहीत नाही, मुलांकडूनच लिहून घेते. एका चिठ्ठीवर एक वाक्य. मग उभं राहून ते मोठ्याने म्हणायचं आणि तोंडात बसलं नाही तर खोडायचं. भाषा शिकवायची माझी तऱ्हा ही अशी आहे. त्या वर्षीचं नाटक होतं झोप हरवलेल्या राक्षसाचं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने लिहिलं, 'हे राक्षसा, तुझी निद्रा कुठे गेली?' ते म्हणताना सगळा वर्ग खिदळला. मग मागून एक चिठ्ठी सरकत आली: 'अरे राक्षसा, झोपला नाहीस का अजून?' राक्षस झालेला मुलगा ते ऐकून खरोखरच जांभई द्यायला लागला. चिठ्ठी मौनीची होती.

म्हणून मी तिला प्रॉम्प्टर केलं. नाटकाची वही तिच्या हाती दिली आणि सांगितलं, कुणी अडखळलं की विंगेतून हळूच वाक्य सांगायचं. मला वाटलं, कधी ना कधी राहवणार नाही तिला.

तर, त्या दिवशी मी पिना काढल्या आणि थेट मोठ्या बाईंच्या खोलीत धावले. "बोलली! माझ्या कानांनी ऐकलं!"

"मला ऐकू दे, मग बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीला त्या येऊन बसल्या. राक्षस नेहमीच्याच जागी अडला आणि विंगेतून आवाज आला, "दार उघडू नका, बाहेर वारा आहे." मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "अरे वा," त्या म्हणाल्या. "शुक्रवारीही असंच होऊ दे, आणि ती बोलताना मला दिसू दे. मग फॉर्मचं बघते."

मी पाठ थोपटायला म्हणून मागच्या दाराने विंगेत शिरले. मौनी बुटक्या स्टुलावर बसली होती, वही मांडीवर, पेन्सिल दातांत घट्ट धरलेली. राक्षस पुन्हा अडला. आणि माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेतून, आवाज आला. "दार उघडू नका, बाहेर वारा आहे."

ओठ मिटल्याशिवाय 'बाहेर'मधला ब उमटत नाही. दातांत पेन्सिल धरून म्हणून बघा. मी घरी जाऊन म्हणून बघितलं...

तालीम संपली, मुलं गेली, मोठ्या बाईही गेल्या. मी मौनीजवळ खाली बसले.

"कोण बोललं गं?"

तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'ती.'

"ती... कोण?"

'माहीत नाही. तिला सगळी वाक्यं पाठ आहेत. तिला बाहेर येता येत नाही.'

"आणि तू? तू का नाही बोलत?"

तिने लिहिलं, 'मी तोंड उघडलं की ती आधी बोलते. मग माझं आत जातं.'

भीती वाटली. खोटं कशाला सांगू. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. दोन वर्षं ही पोर हात वर करून बसते, आई हेलपाटे घालते, आणि कारण काय तर हे! मी उठले आणि त्या मोकळ्या जागेकडे बोट रोखून, चौथीच्या वर्गात वापरते त्याच आवाजात म्हणाले, "हे बघ, जी कुणी असशील ती. एक जण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. शुक्रवारी ही बोलेल. तू गप्प बसायचं."

हॉलमध्ये वारा नव्हता. तरीही पडद्याच्या बाराही कड्या एकीमागून एक किणकिणल्या. मग डांबराच्या गोळ्यांचा वास एकदम दाट झाला आणि अगदी माझ्या कानाशी, हळूच...

"आणि मी?"

सगळा शूरपणा तिथेच संपला. मौनीचा हात धरून मी जी धूम ठोकली ती फाटकाशी येऊन थांबले. मौनी मात्र सारखी मागे वळून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कीव होती.

शुक्रवारी दुपारी हॉल पालकांनी भरला. मी पहिल्या रांगेत मोठ्या बाईंच्या शेजारी, त्यांच्या मांडीवर ती फाइल. मौनीचं स्टूल मी मुद्दाम पुढे ओढून ठेवलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. माझं नाटकाकडे लक्ष नव्हतंच. राक्षस आला, लोक हसले, गावकरी आले, आणि मग ती जागा आली. राक्षसाने तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

विंगेतून काहीच नाही.

मी नखं तळव्यात रुतवली. मौनीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिने एकदा डावीकडे पाहिलं. कुणाच्या होकाराची वाट पाहावी तशी थांबली. मागे एक बाळ रडायला लागलं. राक्षसाचेही डोळे भरून आले. मोठ्या बाईंनी उसासा टाकून फाइलीवर हात ठेवला.

"दार!"

घोगरा, फाटका, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखा आवाज. "दार उघडू नका! बाहेर वारा आहे, वारा!"

वहीत 'वारा' एकदाच होता. दुसरा तिचा स्वतःचा.

तिसऱ्या रांगेत तिची आई ताडकन उभी राहिली. "माझी आहे ती! अहो, माझी मुलगी आहे!" लोकांनी तिला खाली बसवायचा प्रयत्न केला, पण ती कुठली बसते. राक्षस वाक्य विसरून आनंदाने उड्या मारायला लागला. मी तर चारचौघांत हुंदके देऊन रडले. इतकं हायसं मला माझ्या लेकीच्या बाळंतपणानंतरही वाटलं नव्हतं. मोठ्या बाईंनी फॉर्म काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सरकवली.

सगळे पांगल्यावर मी मौनीला विचारलं, "तिने कसं गं बोलू दिलं तुला?"

"मी तिला सांगितलं," मौनी म्हणाली. नवीन चप्पल घालून चालावं तशी जपून बोलत होती. "म्हटलं, आज मला बोलू दे. बाई तुलापण एक वाक्य देतील. दर वर्षी."

"माझ्या वतीने कबूल करून टाकलंस?"

"मग काय करणार, बाई? तिला कुणी नाटकात घेतलंच नाही कधी."

तेव्हापासून चौदा नाटकं झाली. प्रत्येक वहीत मी एक वाक्य कुणालाच देत नाही. नावाच्या जागी रिकामी रेघ. मुलं विचारतात, "बाई, हे कुणी म्हणायचं?" मी सांगते, "ते म्हटलं जाईल. तुम्ही आपलं बघा." आणि ते म्हटलं जातं; हळू, स्वच्छ, वेळेवर. पालकांना वाटतं टेप लावलीय. मलाही सवय झाली. खरं सांगायचं तर, त्या वाक्याची मी वाट बघते.

यंदा मात्र ते वाक्य दोघींनी म्हटलं. एक आवाज नेहमीचा. दुसरा नवखा, अडखळत, शब्दाशब्दाला थांबणारा, शेजारून कुणी सांगतंय आणि तो मागून म्हणतोय असा.

मौनीला तर काही झालं नाही ना, म्हणून मी तशीच बाहेर पळाले आणि तिला फोन लावला. ती आता वकिलीचं शिकते. तिसऱ्या घंटीला तिने उचलला आणि जी बोलत सुटली ती पाऊण तास थांबली नाही. परीक्षा, मैत्रिणी, आईचं नवीन मशीन. माझ्या जिवात जीव आला. मग परत येऊन मी हजेरीचा पट उघडला आणि माझा वर्ग मोजला. एकूण एक मूल हजर होतं, आणि ते वाक्य म्हटलं गेलं त्या वेळी सगळी स्टेजवर माझ्या समोर उभी होती.

पुढच्या वर्षीच्या वहीत दोन रेघा मोकळ्या ठेवल्या आहेत.