पोटाची लोकर

सरूबाई अनवाणीच आली. तिचा नवरा बन्सी पडेगावच्या एका फार्मवर मेंढरं राखायचा. आता त्याला तिथल्याच कडब्याच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं.

"मेंढा बदलला म्हंतेत. लई हाणलंय, ताई. दुपारी पोलिसात देणारेत. एकदा आत गेला की आमच्यासारख्याला कोण सोडवतंय?"

खाजगी तपास करणाऱ्या तनुजानं गाडीची किल्ली उचलली. "कडुबा, चला."

"बन्सीनंच विकला असंल," मदतनीस कडुबा सरूबाईसमोरच बोलला. सरूबाईनं दात आवळले.

फार्मचा मालक शिवराज भिंतीवरच्या चित्रापाशी उभा होता. चित्रात मेंढा आडवा, एका बाजूनं दिसत होता.

"डॉरपर. मटणाची जात. डॉर्सेट आणि काळ्या डोक्याची फारसी मेंढी, यांच्या संकरातून आफ्रिकेत घडवली. डोकं-मान काळी, अंग पांढरं. लोकर आपोआप गळते, कातरावी लागत नाही. सकाळी तपासणीत, मेंढा देणाऱ्या सरकारी खात्याच्या साहेबाच्या हाताला डोक्याचा काळा रंग लागला. खरा मेंढा लंपास, हा रंगवलेला गावठी!"

"तुम्ही मेंढरं कातरता?"

"मी मालक आहे, बाई."

"किल्ली तिघांकडं," व्यवस्थापक बद्रीनाथ म्हणाला. "मालक, मी, बन्सी. मी आणि बन्सी जन्मापासून मेंढरं कातरतोय."

दाराआडून बन्सीचा आवाज आला. "मालकच त्या मेंढ्याला वजनापायी मका चारत व्हते. म्हनलं, मालक, फुगून मरंल."

कडुबा शेडमागून आला, पोटऱ्यांपर्यंत मातीनं भरलेला. "पाय रुतला. घुशींनी उकरलंय सगळं."

"सरूबाई, मेंढा पाडा," तनुजा म्हणाली.

सरूबाईनं पाय धरून त्याला अलगद आडवा केला आणि थबकली. पाठ, कुशी साफ कातरलेल्या. पोटाला मात्र दाट लोकर, हात लावलेला नाही.

"असं कोन कातरतंय? आमी पाडतो, पोटापासनं लागतो."

"बन्सी तसंच लागला असता. बद्रीनाथही. उभ्या मेंढ्याला कातरणारा एकच, ज्यानं मेंढरू कधी पाडलंच नाही." तनुजा शिवराजकडं वळली. "तुम्ही चित्र बघून मेंढा बनवलात. चित्रात पोट दिसत नाही. खरा मक्यानं फुगून मेला, तो शेडमागं पुरलात. फावडं आणा कडुबा, घुशी बघू."

फावडं येण्याआधीच शिवराज बोलला. "माझ्या हातून मेला म्हटलं असतं तर परत कुणी जातिवंत जनावर दिलं नसतं मला."

"म्हणून माणूस दिलात."

बद्रीनाथनं खाली मान घालून कडी काढली. बन्सी बाहेर आला. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला. त्यानं मालकाकडं पाहिलंच नाही. मेंढ्यापाशी बसून डाव्या हातानं कातर धरायला गेला, धरवेना.

"उकडत असंल त्याला," तो म्हणाला.

सरूबाईनं त्याच्या हातून कातर घेतली आणि पोटापासून सुरुवात केली.