खांबावरचा रिकामा डबा

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला दोनदा बजावलं आहे. लिहायचं नाही, असं म्हणालेले नाहीत. तसंही मी बोलायला लागले की बाबा निम्म्यातच वैतागतात, म्हणून लिहिते आहे.

बाबा पंपांचे मिस्त्री. उघड्या माळावर एक पंपघर आहे, तिथे ते जातात. तिथे वीज पोचलेली नाही. सोलर पॅनलवर बॅटऱ्या भरतात आणि बॅटऱ्यांवर पंप चालतो. रखवालीला टोपीआजोबा असतात. झोपतानाही टोपी काढत नाहीत, म्हणून हे नाव. वर्षभरात दोनदा बॅटऱ्या चोरीला गेल्या, तेव्हा साहेबांनी स्पष्टच सांगितलं, की पुन्हा गेल्या तर म्हातारा चोरांना सामील आहे असं धरीन आणि त्याला काढून टाकीन.

म्हणून बाबांनी चार स्वस्तातले कॅमेरे लावले. खरा एकच, पंपघराच्या दारावर. समोर काही हललं की तो फोटो काढतो. उरलेले तीन नुसते डबे. आत एक सेल आणि लुकलुकणारा लाल दिवा, बस्स.

"बघायची गरजच नाही," बाबा म्हणाले. "कुणीतरी बघतंय असं चोराला वाटलं की झालं."

त्यातला एक डबा टोपीआजोबांनी पॅनलसमोरच्या उंच खांबावर बसवला.

दर रविवारी दारावरच्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून जुन्या फोनमध्ये घालायचं आणि फोटो तपासायचे, हे काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच आठवड्यात सहाशे बारा फोटो निघाले. त्यातले पाचशे नव्वद गवताचे. वारा सुटला की गवत हलतं, गवत हललं की फोटो. मग भिंगावर कोळ्याने घर केलं. त्याच्या पायांचे फोटो. शिवाय बाबांचं नाक, अगदी जवळून, कारण ते दर वेळी भिंगात डोकावून "चालू आहेस ना रे बाबा?" असं कॅमेऱ्यालाच विचारतात.

पाचव्या आठवड्यात एक बॅटरी गेलीच. साहेब दुपारी यायचे होते. टोपीआजोबा टोपी हातात धरून पायरीवर बसले होते. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाबा करवादले, गवत सोडून काही निघतंय का बघ म्हणाले.

निघालं. सात फोटो. त्यात दार नव्हतंच, पॅनल होते, उंचावरून काढलेले. दोन माणसं बॅटरी उचलून नेत होती, आणि सातव्या फोटोत दोघांनी माना वर केल्या होत्या. चेहरे अगदी स्वच्छ.

साहेबांनी आजोबांची माफी मागितली नाही, पण नोकरी राहिली. दुसऱ्या दिवशी बॅटरी दारात आणून ठेवलेली सापडली. ती कुणी ठेवली याचा फोटो नाही. गवताचे मात्र दोनशे आहेत.

मी बाबांना म्हटलं, हे फोटो खांबावरून काढलेत आणि तो डबा तर रिकामा आहे. त्यांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"काम झालं ना? मग कुणाला सांगू नकोस."

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नसावी. ती माणसं डब्याकडे बघत नव्हती, डब्याच्या हातभर वर बघत होती. तिथे खांब संपतो.

त्यानंतर दर रविवारी तसा एखादा फोटो असायचाच. टोपीआजोबा पाणी भरताना, मान वर. अंगण झाडताना, मान वर. मी त्यांना दाखवले.

"पोरी, मी तिकडे बघतच नाही..." ते हळूच म्हणाले. "हिंमतच होत नाही..."

आज त्यांनी पेटी बांधली. "मिस्त्री, चोर परवडले. तो डबा उतरवा, नाहीतर मी निघालो." ज्या माणसाची नोकरी वाचवायला एवढा खटाटोप केला, तोच चालला म्हटल्यावर बाबांचा पारा चढला. शिडी ओढून काढताना पत्र्याने त्यांचा डावा अंगठा कापला. मी त्यावर माझा निळा रुमाल बांधला.

मग पायरीवर बसून मी सकाळी काढलेलं कार्ड तपासायला घेतलं. गवत. गवत. कोळी. शेवटचा फोटो खांबावरचा. त्यात शिडी लावलेली आहे. बाबा तिच्यावर आहेत, मान वर.

बाबा आजवर त्या खांबावर चढलेले नाहीत. आणि फोटोत त्यांच्या डाव्या अंगठ्याला निळा रुमाल आहे. कार्ड सकाळी काढलं. अंगठा कापून अर्धा तासही झाला नसेल.

शिडी काढतानाच मी "नको" म्हटलं होतं. बाबांना ऐकू गेलं नाही, माझं कधीच जात नाही. हे लिहून झालं की फोटोसकट त्यांच्या हातात देणार आहे. आजोबा पेटी घेऊन फाटकाबाहेर उभे आहेत, ते काही जवळ यायचे नाहीत. फोटोत तेही दिसतात, लांब, फाटकाबाहेर. आणि मी दिसते, पायरीवर, वहीत मान घालून. मग शिडीच्या पायथ्याशी, दोन्ही हातांनी शिडी धरून उभी आहे ती कोण...

बाबा खांबाकडून हाक मारतायत. "धरलीस ना नीट? हां, अशीच धर. चढतो आता." पण मी तर अजून पायरी